स्फटिकातलं पाणी

आगारातल्या तपासणीच्या खड्ड्यात सात-आठ मेकॅनिक दाटीवाटीनं उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर एक कोरी करकरीत बस होती. बाहेर चाळीसगावचा वैशाख भाजून काढत होता. खड्ड्यात मात्र अंधार होता, आणि निरुपमा बोरसेला तोच हवा होता.

"आधी कोरी पट्टी बघा," ती म्हणाली. "ही गाडी कारखान्यातून आल्यापासून चाललेलीच नाही. हिचे ब्रेक कधी तापले नाहीत. त्यामुळे दिवा मारला तरी लेप गप्प राहील. मग चालती गाडी घेऊ, म्हणजे फरक लक्षात येईल."

तिनं अतिनील किरणांचा छोटा दिवा मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला धरला. ब्रेकच्या पोलादी पट्टीवरचा करडा लेप लालभडक उजळला.

"मॅडम, ही पण बोलली की!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

निरुपमाही हसली. दुसऱ्या चाकापाशी गेली. लाल. पुढची दोन्ही चाकं पाहिली. तीही लाल.

"ही गाडी कुणी घाटात नेली होती का?"

"नेणार कशी? बॅटरीच आलेली नाही," आगारप्रमुख वरून वाकून म्हणाले. "ट्रेलरवरून उतरवली, तेव्हापासून त्या पत्र्याच्या कुंपणाशी उभी. आत्ता ढकलत आणली तुमच्यासाठी."

पुढचं प्रशिक्षण तिनं कसंबसं उरकलं. काय बोलली ते तिला नंतर आठवेना. चार पट्ट्या उतरवून घेतल्या, कापडात गुंडाळल्या आणि ती पुण्याच्या गाडीत बसली. तिची सख्खी बहीण याच गावात, आगारापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होती. तिच्याकडे जायचा प्रश्न नव्हता. दोन वर्षं त्या घराचं दार निरुपमाला बंद होतं.

आणि त्या चार लाल पट्ट्यांचा अर्थ जो तिला वाटत होता तोच असेल, तर ते बंद होतं हे योग्यच होतं.

*

जस्ताचं फॉस्फेट हे काही नवलाचं द्रव्य नाही. दातांचे डॉक्टर शंभराहून जास्त वर्षं त्याचं सिमेंट वापरत आले. रंगाखाली गंज धरू नये म्हणून मोटारींच्या पत्र्यालाही तेच लावतात. पोलादाची वस्तू फॉस्फोरिक आम्ल आणि जस्ताच्या क्षाराच्या कोमट द्रावणात बुडवली, की तिच्यावर करड्या स्फटिकांची पातळ साय धरते. या स्फटिकांत पाणी असतं. नुसता ओलावा नव्हे, तर रचनेचाच भाग असलेलं पाणी. जस्ताच्या दर तीन अणूंमागे पाण्याचे चार रेणू, आपापल्या जागी पक्के बसलेले. तापवलं की त्यांतले दोन निघून जातात. आणखी तापवलं की उरलेले दोन.

निरुपमानं या स्फटिकांत मँगनीजचा किंचित अंश मिसळला. शेजारी पाणी आहे की नाही, यावर मँगनीज देत असलेला प्रकाश बदलतो. पाणी जागच्या जागी असेल तर अतिनील दिव्याखाली लेप करडाच राहतो. गेलं असेल तर लाल होतो. म्हणजे पोलादाचा एखादा तुकडा कधीतरी शंभर अंशांच्या वर बराच काळ तापून निघाला होता का, हे नंतर केव्हाही नुसता दिवा मारून कळू लागलं.

पुण्याच्या संस्थेनं त्याचं नाव ठेवलं 'साक्षी'. चार वर्षांत तो सगळीकडे गेला. प्रवासी गाड्यांच्या ब्रेकवर तर तो सक्तीचाच झाला. विजेच्या रोहित्रांवर, कारखान्यांच्या बाष्पकांवर, मोठ्या हॉटेलांच्या भट्ट्यांवरही आला. आग लागली, काही फुटलं, कुणी मेलं, की आधी जी हमरीतुमरी व्हायची ती बंद पडली. दिवा मारायचा आणि रंग बघायचा. विमा कंपन्या त्यावर निकाल देऊ लागल्या, आणि मग न्यायालयंही.

त्याच काळात गिरणाई प्रवासी सेवेची बस सावळदऱ्याच्या घाटात कोसळता कोसळता वाचली. उतारावर गाडी अनावर झाली. चालकानं ती दरीच्या बाजूला जाऊ न देता डोंगराच्या कड्यावर घातली. बरेच जण जखमी झाले. दाराशी उभा असलेला विलास महाले नावाचा तरुण जागीच गेला. चालक होते जगन्नाथ देवरे, निरुपमाच्या थोरल्या बहिणीचे, कुमुदताईचे यजमान.

दाजींनी पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं होतं. "मी मोटरच्या ब्रेकवर गाडी उतरवत होतो. विजेची गाडी उताराला स्वतःच धरून राहते. अर्ध्या घाटात तिनं धरणं सोडलं. मग मी पाय दाबला, तर गाडी थांबेना."

चौकशी आयोगानं ब्रेकच्या पट्ट्या तपासायला संस्थेकडे पाठवल्या. पट्ट्या लाल निघाल्या. शेवटच्या काही क्षणांच्या दाबानं एवढी जाड पट्टी तापत नाही. याचा अर्थ एकच निघत होता, की चालक वरपासून पायब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होता, ब्रेक तापून निकामी झाले आणि मग गाडी सुटली.

नातं निरुपमानं स्वतःहून उघड केलं होतं. आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला बाजूला व्हायचं असेल तर दुसरा तज्ज्ञ नेमता येईल."

"गरज नाही," ती म्हणाली. "पट्टी कुणाच्या गाडीची आहे, हे लेपाला कळत नाही."

ते वाक्य दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठळक छापून आलं.

दाजींच्या वकिलानं एक साधी मागणी केली होती. त्याच आगारातल्या दुसऱ्या एखाद्या गाडीच्या पट्ट्या तुलनेसाठी तपासाव्यात. निरुपमानं तीही उडवून लावली. असल्या तपासणीनं नुसता वेळ जाईल, असं म्हणाली. खरं कारण वेगळं होतं, आणि तेव्हाही तिला ते ठाऊक होतं. होकार दिला असता तर समोर बसलेल्यांपैकी कुणालातरी वाटलं असतं, बाई मेहुण्याला पळवाट शोधतेय. तसं वाटलेलं तिला चाललं नसतं.

सुनावणी संपल्यावर कुमुदताई आवारात तिची वाट बघत उभी होती.

"दुसरं काही कारण असू शकतं का गं?" तिनं विचारलं होतं. "तू शिकलेली आहेस म्हणून विचारते."

"ताई, लेप खोटं बोलत नाही."

"आणि हे बोलतात?"

निरुपमा फाइल उचलून फाटकाकडे निघाली होती. अकरावी-बारावीची दोन्ही वर्षं ती त्यांच्याच घरी राहिली होती. दाजी खोटं बोललेले तिला एकदाही आठवत नव्हते.

*

प्रयोगशाळेत तिनं एक सीलबंद पेटी घेतली. आतली हवा पूर्ण कोरडी केली, तापमान सत्तर अंशांवर ठेवलं आणि ताज्या लेपाच्या पट्ट्या आत ठेवून दिल्या. शंभर अंश नाही, नुसते सत्तर. उन्हात, डांबराच्या फरशीवर, पत्र्याच्या कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या गाडीचं पोटातलं लोखंड तेवढं सहज तापतं.

ती रोज जाऊन बघत होती. पट्ट्या करड्याच होत्या, आणि ते पाहून दर सकाळी तिला थोडं हायसं वाटे. त्या हायसं वाटण्याचीही तिला लाज वाटू लागली. पट्टी लाल झाली तर दाजी निर्दोष ठरणार होते. तरी ती करडी राहावी असं तिला वाटत होतं.

तिसऱ्या आठवड्यात कडा लाल झाल्या. मग लाली आत सरकत गेली.

चूक इतकी साधी होती की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजावी. स्फटिकातलं पाणी नुसत्या उष्णतेनं जात नाही. बाहेरच्या हवेत बाष्प किती आहे, यावरही ते ठरतं. हवेत ओल असेल तर रेणू आपली जागा सोडायला नाखूष असतात. हवा अगदी सुकी असेल तर तेच रेणू कमी तापमानालाही एकेक करून निघून जातात. फक्त वेळ लागतो. लेपाच्या सगळ्या चाचण्या पुण्यातल्या हवेत झाल्या होत्या, आणि काही तासांच्या होत्या. खानदेशातला अलीकडचा उन्हाळा, हवेतला शेवटचा ओलावाही शोषून घेणारा, कुणीच पेटीत घालून पाहिला नव्हता. दाजींची बसही अपघातापूर्वी सुट्या भागांवाचून उन्हाळाभर आगारात उभी होती. ही गोष्ट कागदपत्रांत होती. तिनं वाचली होती आणि पुढे गेली होती.

तुलनेसाठी दुसऱ्या गाडीची एक पट्टी तपासली असती, तर त्याच दिवशी सगळं उघड झालं असतं.

संचालक डॉ. खांबेटे यांनी तिचे आलेख शांतपणे पाहिले. खुर्ची थोडी मागे सरकवली.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. "पुढच्या सूचनापत्रकात टाकू. 'अतिशुष्क प्रदेशांत निष्कर्ष काढताना काळजी घ्यावी.' एवढं पुरे."

"आणि झालेले निकाल?"

"किती आहेत ठाऊक आहे का तुला? एक उघडलास तर सगळे उघडतील. ज्यांना आपण सोडवलं त्यांच्याकडेही लोक संशयानं बघतील. विज्ञान असंच पुढे जातं, निरुपमा. कालचं चुकतं, आज सुधारतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही."

"लेप चुकला याची लाज नाही वाटत, सर," ती म्हणाली. "मला तपासायला सांगितलं होतं. मी तपासलं नाही."

"का?"

खांबेट्यांनी सहज विचारलं होतं. "मी निःपक्षपाती दिसावं म्हणून," एवढंच ती बोलली. टेबलाकडे बघत.

आयोगाला अर्ज तिनं स्वतःच्या नावानं पाठवला. अधिकृत उत्तर येण्याआधी ती चाळीसगावला गेली.

*

दार कुमुदताईनं उघडलं. केस पार पांढरे झाले होते. तिनं निरुपमाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाजूला झाली. 'ये' म्हणाली नाही.

दाजी मागच्या अंगणात होते. चालकाची नोकरी गेल्यापासून ते एका रोपवाटिकेत कामाला जात. आत्ताही लिंबाच्या कलमांना कापडाची सावली बांधत होते. तिला पाहून हात झटकत उठले.

"अरे, निरू! उन्हाची आलीस? कुमुद, पाणी दे गं तिला."

निरुपमानं पाणी घेतलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कोरी बस, कोरडी पेटी, सत्तर अंश. सांगताना तिच्या लक्षात आलं, की आपण शिकवल्यासारखं बोलतोय. ती थांबली.

"दाजी, तुमचा पाय ब्रेकवर होता असं ती पट्टी सांगतच नव्हती. मी सांगत होते. तुम्ही पहिल्या दिवशी बोललात ते खरं होतं."

कुमुदताई दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. पदर तोंडावर घेतला.

दाजी मात्र गोंधळल्यासारखे निरुपमाकडे बघत राहिले.

"पण होता ना पाय," ते म्हणाले.

"काय?"

"पाय होता, निरू. वरपासूनच. मला आठवतं."

"अहो, काय बोलताय?" कुमुदताई ओरडली. "तुम्हीच नाही का सांगितलंत, मोटरचा ब्रेक सुटला म्हणून?"

"सांगितलं होतं. मग ही बोलली." ते सावकाश बोलत होते, एखादी जड वस्तू उचलावी तसे. "तू त्या हॉलमध्ये इतकं स्वच्छ सांगितलंस. तू आमच्यात राहिलेली, लबाडी तुला यायची नाही. मी घरी येऊन विचार करत बसलो. रोज तो घाट उतरायचो मनातल्या मनात. आधी पाय खाली जमिनीवर दिसायचा. नंतर नंतर तो ब्रेकवर दिसायला लागला. बुटाखाली पॅडल कसं लागतं, तेसुद्धा कळायला लागलं. आता तू म्हणतेस, नव्हता."

त्यांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं.

"आता कुठं होता ते मला नाही सांगता येणार. खरंच नाही."

निरुपमानं आयुष्यात बरेच अपमान सोसले होते. बाई म्हणून, खेड्यातली म्हणून. शरमेनं अंग गार पडतं हे तिला त्या अंगणात, त्या उन्हात पहिल्यांदा कळलं. एका माणसाची नोकरी आपण घालवली, नाव घालवलं, एवढाच हिशोब ती मनाशी करून आली होती. त्याची आठवणसुद्धा आपण नेली, हे तिला ठाऊक नव्हतं.

"अजून एक आहे," कुमुदताई रडतच म्हणाली. "सांगा तिला. सावळदऱ्याचं सांगा."

मग तिनंच सांगितलं. गेल्या वर्षी हे विलास महालेच्या आईकडे गेले होते. द्वारकाबाई म्हणून आहेत, एकट्याच राहतात. हे त्यांच्या पायावर डोकं ठेवून म्हणाले, माझ्या पायानं तुमचा मुलगा गेला. म्हातारीनं पहिल्यांदा हाकलून दिलं. दुसऱ्यांदाही. हे जात राहिले. शेवटी तिनं यांना घरात घेतलं. आता दर मंगळवारी जातात. दळण आणून देतात, कौलं शाकारतात, दवाखान्यात नेतात.

"माफ केलं तिनं मला," दाजी म्हणाले. "तोंडानं बोलून केलं."

*

आयोगाची फेरसुनावणी पावसाळ्यानंतर झाली. निरुपमानं जे घडलं ते ओळीनं सांगितलं, तुलनेची मागणी आपण का नाकारली ते कारणही. ते सांगताना सभागृहात चुळबुळ झाली. मागे कुणीतरी "अरेरे" म्हटलं. लेपावर ठरलेले निकाल पुन्हा तपासण्याचा आदेश निघाला. संस्थेनं तिला प्रकल्पावरून काढलं. कोरड्या जिल्ह्यांतून लेपाची सक्ती उठली. त्या मॉडेलच्या गाड्यांचा मोटरचा ब्रेक उतारावर कधी कधी सुटतो का, याची आता कुठे चौकशी सुरू झाली.

जगन्नाथ देवरे निर्दोष ठरले. गिरणाईनं त्यांना कामावर परत बोलावलं. ते एकदा आगारात जाऊन आले, चालकाच्या जागेवर बसले, थोडा वेळ पाय खाली घेऊन तसेच बसून राहिले आणि उतरून घरी आले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

निकालानंतरच्या सोमवारी त्यांचा निरुपमाला फोन आला.

"उद्या सावळदऱ्याला येशील? पेपर तिथं पोचलाय. म्हातारीला काय सांगू, मला सुचत नाही. तूच सांग."

ती गेली. द्वारकाबाई ओट्यावरच बसल्या होत्या, काठी आडवी मांडीवर. लहानखुरी, वाळलेली बाई. नजर मात्र स्वच्छ. जगन्नाथांनी दळणाची पिशवी दाराशी ठेवली आणि बाजूला उभे राहिले.

"ही का ती?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"हो."

"सांग बाई. शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं, पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

निरुपमानं सांगितलं. लेप, पाणी, रेणू, यातलं काहीच नाही. "मी खात्रीनं बोलले आणि मला खात्री करून घ्यायची नव्हती. यांची चूक नव्हती. तुमच्या मुलाच्या जाण्याचा दोष मी यांच्यावर टाकला."

"मग कुणाची चूक होती?"

"अजून ठाऊक नाही. शोधताहेत."

द्वारकाबाई जगन्नाथांकडे वळल्या.

"म्हणजे तू माझ्या पायावर डोकं ठेवलंस, ते उगाच?"

"उगाच नव्हतं, आई. मला तसंच वाटत होतं."

"आता नाही वाटत?"

"आता काय वाटतं ते कळत नाही."

"मग आता तू येणार नाहीस."

"येणार ना," जगन्नाथ म्हणाले. "आलोच आहे की."

म्हातारीनं काठी जमिनीवर टेकली, पण उठली नाही. निरुपमाकडे बघून ती बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, हेच निरुपमाला सोसवेना.

"याला माफ करायला मला वर्ष लागलं, बाई. रोज थोडं थोडं केलं. रात्री वाटायचं झालं, सकाळी उठून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी जमलं. आता तू येऊन सांगतेस, त्याचं काही नव्हतंच. मग ते मी एवढं केलं, ते आता कुणाला देऊ?"

'मला द्या' म्हणायचं निरुपमाच्या मनात आलं आणि त्या विचारानंच तिची मान खाली गेली.

"तुला नाही देत," द्वारकाबाई म्हणाल्या, जणू तिनं मागितलंच होतं. "आत्ता तरी नाही. माझ्यात पुन्हा तेवढं बळ आहे का, ते मला ठाऊक नाही."

त्या काठीच्या आधारानं उठल्या. "जगन्नाथ, उभा काय राहिलास? दळण आत घे. कालची भाकरी आहे, ताक आहे. खाऊन घे."

जगन्नाथ पिशवी उचलून आत गेले. त्यांच्या मागोमाग द्वारकाबाईही गेल्या. दार उघडंच राहिलं. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला, मग दोघांचं हळू आवाजातलं बोलणं, कौलाबद्दल काहीतरी.

निरुपमा ओट्याखाली उन्हात उभी होती. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं. जा असंही कुणी म्हटलं नव्हतं. रस्त्यावर परतीची गाडी येऊन थांबली, वाहकानं तिच्याकडे पाहून हात केला. तिनं मान हलवून नको म्हटलं. गाडी निघून गेली, आणि ती ओट्याच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून, खाली बसली.